पाण्याचे रॉकेट की दारूचे?
साताऱ्यातील शाळकरी मुलांच्या रॉकेट मंडळाने सुरुवात बाटलीच्या रॉकेटने करावी की घन इंधनाची मोटर (म्हणजे दारू ठासलेली नळी) बसवलेल्या पुठ्ठ्याच्या रॉकेटने, यात माझा कौल बाटलीला आहे. शीतपेयाची बाटली साधारण एक तृतीयांश पाण्याने भरून सायकलच्या पंपाने हवा कोंबली की भागते. आग नसल्यामुळे वाळल्या गवताच्या माळावरही ती उडवता येते. मात्र चरा पडलेली बाटली दाबाखाली फुटू शकते, म्हणून बाटली अडकवून ठेवणारी खिट्टी लांबून, दोरीनेच ओढावी.

इंधनाचे रॉकेट कितीतरी उंच जाते आणि वर पॅराशूट उघडताना पाहण्याची मजा निराळीच, पण त्याची शिस्त कडक आहे. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांनुसार मोटर विजेनेच पेटवायची, ताशी सुमारे 32 किलोमीटरहून जोराचा वारा असेल तर उड्डाण करायचे नाही (म्हणजे पवनचक्क्यांचे चाळकेवाडी पठार बहुधा बादच), आणि रॉकेट पेटले नाही तर पेटवण्याच्या खटक्याची सुरक्षा किल्ली काढून 60 सेकंद कोणी जवळ जायचे नाही. हे एक मिनिट मुलांना तासाएवढे वाटते. घरी दारू कालवून मोटर बनवण्याचा विचार तर कोणी करूच नये. तेथे जिवाच्या धोक्याबरोबर 1884 चा स्फोटक कायदाही आड येतो.