जॉली बॉय की हॅवलॉक? अंदमानात पाण्याखालचं बघायचं असेल तर

अंदमानचं बुकिंग झालं की हमखास विचारतात, कोरल म्हणजे प्रवाळ बघायला वांडूरच्या मरीन पार्कला (जॉली बॉय बेट त्यातलंच) जाऊ की हॅवलॉकला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली डाइव्ह करू, दिवस एकच आहे. मी दोन्ही केलंय, वांडूर तर आई-बाबांना घेऊन, आणि माझं मत असं की कुठलं कोरल भारी यावरून ठरवूच नका, सोबत कोण आहे आणि हातात किती दिवस आहेत यावरून ठरवा.

वांडूर पोर्ट ब्लेअरपासून साधारण ३० किमी. पार्कचं पूर्ण नाव महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क, १९८३ मध्ये झालं, त्यात १५ बेटं आहेत पण आपल्याला जाता येतं ते जॉली बॉय नाहीतर रेड स्किनवर, आणि दोन्ही एका वेळी उघडी नसतात, आलटून पालटून एकाला विश्रांती देतात. हिवाळा-उन्हाळ्यात बहुतेक जॉली बॉय असतं. वनखात्याचं परमिट लागतं, सोमवारी बंद, आणि प्लास्टिक अजिबात चालत नाही, जेट्टीवर बॅगा उघडून बघतात. मला हे मनापासून आवडलं, कारण त्यामुळे तो किनारा खरंच स्वच्छ राहिलाय. खारफुटीतून बोट जाते तो रस्ताच इतका सुंदर आहे की बाबा तिथेच खूश झाले. बेटावर काचेच्या तळाची बोट असते, त्यामुळे आईने पाय ओला न करता कोरल पाहिले आणि मी लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे तोंडात नळी धरून वर तरंगत खाली बघायचं. पोहता येत नसलं तरी चालतं. रात्री राहता मात्र येत नाही.

हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, ही वेगळीच गोष्ट आहे. फेरीने जायचं, किमान दोन रात्री राहायचं, तरच मजा. पहिल्यांदा करणाऱ्यांना बहुतेक नीमो रीफला नेतात, इन्स्ट्रक्टर टाकीला धरून असतो, खोली फार तर १२ मीटर. पण १० मीटरवरच दाब वरच्या दुप्पट होतो, त्यामुळे थोडं थोडं खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकं फुंकत राहावं लागतं, नाहीतर कान भयंकर दुखतात. सर्दी असेल तर सरळ रद्द करा, पैसे गेले तरी चालतील पण कानाशी खेळू नका. १० वर्षांखालच्या मुलांना समुद्रात स्कूबा नाही, त्यांच्यासाठी एलिफंट बीचचं स्नॉर्केलिंग आहे. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज वगैरे नावं ऐकली असतील तर ती खोल ठिकाणं आहेत, कोर्स केलेल्यांसाठीच. ओपन वॉटर या स्कूबाच्या पहिल्या सर्टिफिकेट कोर्सला तीन-चार दिवस लागतात, तेवढे असतील तर कराच, कारण कोर्स न करता केलेल्या एका ट्राय डाइव्हमध्ये अर्धा वेळ श्वासाकडे लक्ष देण्यातच जातो.

आणखी एक. फोटोतले रंग डोक्यात घेऊन जाऊ नका. २०१० मध्ये समुद्र तापला तेव्हा इथलं खूप कोरल पांढरं पडून मेलं, उथळ पाण्यात अजूनही राखाडी तुकडे दिसतात, मला बघून वाईट वाटलं. म्हणून उभं राहायला कोरलवर पाय टेकवू नका, जिवंत आहे ते.

पाच-सहा दिवस असतील तर मी म्हणेन दोन्ही करा, पण आधी हॅवलॉक आणि शेवटी जॉली बॉय. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, एक डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि जास्त केले तर १८ तास थांबायचं, आणि शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवणारे नेमके इथेच अडकतात. स्नॉर्केलिंगला ती अट नाही, तेव्हा तो मोकळा दिवस वांडूरला द्या, फक्त तो सोमवार नाही ना एवढं बघून घ्या.