‘म्युझिकल थिएटरची डिग्री’ म्हणून भावाला फसवलं, ऑडिशनला जायच्या आधी हे वाचा

घरात कोणाला नाटकात किंवा गाण्याच्या नाटकात शिक्षण घ्यायचं असेल आणि इन्स्टावर ‘म्युझिकल थिएटर डिग्री, ऑडिशन सुरू, मर्यादित जागा’ अशी जाहिरात बघून फॉर्म भरायच्या बेतात असाल तर आधी हे पूर्ण वाचा. माझ्या धाकट्या भावाची आणि पप्पांची यात पावणेतीन लाखांच्या वर फसवणूक झालीये. तक्रार चालू आहे, वकिलांनी सांगितलंय म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाहीये. पण पद्धत सगळी सांगते कारण माझं ठाम मत आहे की हेच लोक किंवा असेच दुसरे कोणी पुढच्या जूनमध्ये नवीन बोर्ड लावून परत बसणार.

आम्ही इचलकरंजीचे. पप्पांचे थोडे यंत्रमाग आहेत, घरात नाटक सिनेमाशी संबंध असलेलं कोणी नाही. भाऊ लहानपणापासून गातो, गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा दिल्यात, कॉलेजात एकांकिका केल्यात, आणि त्याला अभिनय आणि गाणं दोन्ही एकत्र करायचंय. ज्या भाषेत 1880 साली किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ हे नाटक गाऊन दाखवलं त्या भाषेतल्या पोराला असं वाटलं यात काही जगावेगळं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण फसवणूक झाल्यावर नातेवाइकांनी पहिलं काय म्हटलं तर ‘नाटकाचं खूळ डोक्यात घेतलं की असंच होतं’. नाटकाने नाही फसवलं, फसवलं त्या माणसांनी, आणि पोराला वर्षभर मान खाली घालून बसावं लागलं याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

तर झालं असं की फॉर्म भरल्यावर दुसऱ्याच दिवशी मॅडमचा फोन, गोड बोलणं, ‘सर, तुमचं प्रोफाइल आमच्या पॅनेलला खूप आवडलंय’. ऑडिशन अंधेरीला. एका कमर्शियल बिल्डिंगमधला मजला, भिंतीवर ओळखीच्या नटनट्यांचे संस्थेच्या डायरेक्टरसोबतचे फोटो (नंतर कळलं ते कुठल्या कुठल्या प्रीमियरला आणि पार्ट्यांना काढलेले, त्यातलं कोणी तिथे शिकवत नव्हतं). भावाने ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही शाकुंतलची नांदी म्हटली, एक स्वगत केलं. संध्याकाळी घरी पोचायच्या आत फोन, सिलेक्शन झालं, टॅलेंट स्कॉलरशिप मिळाली, 3,60,000 ची फी तुमच्यासाठी 2,40,000, पण सीट होल्ड करायला 25,000 आज रात्री बारापर्यंत टाका नाहीतर वेटिंग लिस्टवाल्याला जाईल. बॅचमधल्या इतर मुलांशी आता बोलणं झालं तेव्हा कळलं की प्रत्येकाला तोच फोन, तीच स्कॉलरशिप, तेच रात्री बारा. ज्याला सूर लागत नव्हता त्यालाही आणि जो ऑडिशनला बोललाच नाही त्यालाही. कोणालाच नापास न करणारी ऑडिशन म्हणजे गिऱ्हाईक बघायचा कार्यक्रम असतो, दुसरं काही नाही.

आता डिग्रीचं. माहितीपत्रकावर परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचं नाव आणि लोगो, खाली ‘युजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यताप्राप्त’. पप्पांनी विचारलं तेव्हा विद्यापीठाचं नाव युजीसीच्या यादीत काढून दाखवलं, आणि ते खरंच होतं यादीत. सगळा खेळ इथे आहे. विद्यापीठ खरं, पण त्याचा आणि या संस्थेचा काही संबंधच नव्हता. आम्ही नंतर रजिस्ट्रारला मेल केला तर उत्तर आलं की अंधेरीत आमचं कुठलंही केंद्र नाही. आणि समजा करार असता तरी उपयोग नव्हता, कारण राज्याच्या कायद्याने झालेलं खाजगी विद्यापीठ दुसऱ्या राज्यात असं फ्रँचायझी देऊन डिग्रीचे वर्ग चालवू शकत नाही, युजीसीची त्याला परवानगी नाही. युजीसीच्या 1956 च्या कायद्याप्रमाणे डिग्री देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठाला (आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेला). बाकी भिंतीवर लावलेलं आयएसओ सर्टिफिकेट, उद्यम नोंदणी, गुमास्ता लायसन्स, यातलं काहीही शिक्षणाची मान्यता नाही, ते कुठल्याही दुकानाला मिळतं. ‘लंडनचं सर्टिफिकेट’ म्हणूनही एक गाजर होतं. त्या संगीत-नाटकाच्या ग्रेड परीक्षा असतात, आपण गांधर्वच्या देतो तशाच, चांगल्या असतात पण त्या फी भरून कोणीही देऊ शकतो आणि त्याने कोणी पदवीधर होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावती. 2,40,000 वर 18 टक्के जीएसटी लावून एकूण 2,83,200 घेतले. पप्पा धंदेवाईक माणूस, जीएसटीची पक्की पावती बघून त्यांना वाटलं सगळं एक नंबरमध्ये आहे, आणि त्या मॅडमनी पण तेच सांगितलं की बघा सर आम्ही सरकारला टॅक्स भरतो म्हणजे आम्ही सरकारमान्य. आमच्या सीएने नंतर पावती बघितली आणि डोक्याला हात लावला. कायद्याने मान्य असलेल्या पदवी-पदविकेच्या शिक्षणावर जीएसटी लागतच नाही, त्याला सूट आहे. 18 टक्के लागतो तो खाजगी क्लास, कोचिंग, ट्रेनिंगवर. म्हणजे त्यांनी टॅक्सच्या कागदावर स्वतःच लिहून दिलं होतं की हा मान्यताप्राप्त कोर्स नाही. क्लासवाल्याने जीएसटी घेणं हा गुन्हा नाही हे पण सांगते, कितीतरी प्रामाणिक लोक वर्कशॉप घेतात आणि टॅक्स लावतात, पण ते डिग्री देतो असं म्हणत नाहीत. एकीकडे डिग्री आणि दुसरीकडे पावतीवर 18 टक्के असं दिसलं की तिथून उठा.

हप्त्यांचं तर अजून वाईट. 25,000 भरल्यावर राहिलेले 2,58,200 ‘फीचे सोपे हप्ते, बिनव्याजी’ म्हणून सांगितले. टॅबवर पप्पांचं पॅन, आधार, सेल्फी, दोन-तीन ओटीपी, झालं. ते फीचे हप्ते नव्हतेच, एका फायनान्स कंपनीचं पप्पांच्या नावावर 24 महिन्यांचं कर्ज होतं, सगळी रक्कम कंपनीने थेट संस्थेला दिली आणि पप्पांच्या खात्यातून महिन्याला पावणेअकरा हजाराच्या आसपास आपोआप कापायचा मँडेट (बँकेला दिलेली परवानगी) बसला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. संस्थेला पैसे पहिल्या महिन्यातच पूर्ण मिळाले. त्यानंतर त्यांनी शिकवलं काय, नाही शिकवलं काय, त्यांचं काही अडत नव्हतं. आणि सही केलेल्या कागदाचं नाव ॲडमिशन फॉर्म नव्हतं, ‘ट्रेनिंग सर्व्हिस ॲग्रीमेंट’ होतं, त्यात बारीक अक्षरात फी परत मिळणार नाही. डिग्री हा शब्द त्या पूर्ण ॲग्रीमेंटमध्ये एकदाही नाही, तो फक्त फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि माहितीपत्रकात.

शिकवणं कसं होतं तेही सांगते कारण ज्यांना यातलं कळत नाही त्यांना तिथे जाऊन बघितलं तरी समजत नाही. आरशांची खोली, एक स्पीकर, बस. गाण्याच्या नाटकाचा कोर्स आणि पेटी नाही, तबला नाही, साथ करणारं कोणी नाही, युट्यूबवरून काढलेल्या कॅराओके ट्रॅकवर सगळी मुलं एका पट्टीत गाणार. भाऊ काळी एक या पट्टीत गातो, त्याला काळी पाच या वेगळ्याच पट्टीतल्या ट्रॅकवर ताणून ताणून गायला लावलं, घसा बसला तर म्हणे रियाज कमी पडतोय. व्हॉइसचे सर म्हणजे आधीच्याच बॅचचा मुलगा, तो पण बिचारा स्टायपेंडच्या आशेवर थांबलेला. नाटकाची संहिता वाचणं नाही, देहबोलीचं काम नाही, प्रकाशयोजना नेपथ्य तर नावालाही नाही. आठवड्यातून काही दिवस ‘प्रॅक्टिकल’ म्हणजे संस्थेच्या मालकाच्या इव्हेंट कंपनीच्या लग्नांमध्ये आणि कॉर्पोरेट कार्यक्रमांत नाचायचं, पाहुण्यांना बसवायचं, खुर्च्या उचलायच्या, मानधन शून्य. पुढे पोर्टफोलिओ शूटचे वेगळे पैसे, ‘ग्रँड प्रॉडक्शन’च्या कपड्यांचे वेगळे आणि प्रत्येकाने ठरावीक तिकिटं खपवायची. तो प्रयोग कधी झालाच नाही. आधी थिएटरची तारीख मिळत नाही म्हणाले, मग दोन बॅच एकत्र केल्या, मग रिनोव्हेशन म्हणून सुट्टी, आणि मग शटरला कुलूप आणि फोन बंद. हप्ता मात्र त्यानंतरही दर महिन्याच्या 5 तारखेला कापला जात राहिला.

आता आम्ही काय केलं ते, कारण खूप जण मेसेज करून विचारतायत. काही जणांनी रागाने बँकेत जाऊन मँडेट थांबवला, त्यांचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) खराब झाला आणि वसुलीवाले दारात आले. कर्ज तुमच्या नावावर आहे, त्यामुळे आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल करा की सेवा मिळालेली नाही, संस्था बंद आहे, सोबत कुलपाचा फोटो, ॲग्रीमेंट, चॅट. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. पोलिसांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘हा दिवाणी मामला आहे’ असं म्हणून परत पाठवत होते. आम्ही लेखी तक्रार देऊन शिक्क्याची पोच घेतली आणि सोबत त्या विद्यापीठाचा मेल जोडला. खोटी मान्यता दाखवून पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तो एक मेल जोडल्यावर बोलण्याचा सूर बदलला, म्हणून विद्यापीठाला मेल पहिल्या दिवशीच करा, फोनवर तोंडी विचारू नका. आणि ग्राहक आयोगात तक्रार मुंबईलाच जाऊन करावी लागते असं नाही, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणून आमची कोल्हापूरला आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारलं तरी माहिती देतात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. खरं शिक्षण घराजवळ होतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, आमच्या घरापासून एसटीने तासाभरावर, आणि आमच्या गल्लीत कोणालाच ते माहीत नव्हतं. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, 1987 पासून, तिथे नाटक, संगीत, नृत्य तिन्ही एकाच आवारात शिकवतात, ज्याला गाण्याच्या नाटकात जायचंय त्याच्यासाठी मला तरी याहून बरं काही दिसत नाही. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कलिन्याला, संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग, गोव्यात कला अकादमी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्याला आधी ग्रॅज्युएशन आणि रंगमंचावर काम केल्याचा अनुभव लागतो, आणि तिथे तर उलट विद्यार्थ्यालाच दरमहा स्कॉलरशिप मिळते. या ठिकाणी प्रवेश परीक्षा असते, मुलं नापास होतात, परत देतात. फक्त ‘म्युझिकल थिएटर’ याच नावाची वेगळी डिग्री आपल्याकडच्या या विद्यापीठांत शोधत बसू नका, नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यायचा आणि गाण्याची तालीम गुरूकडे चालू ठेवायची हाच रस्ता इथल्या बहुतेक चांगल्या गाणाऱ्या नटांनी घेतलाय. या संस्थांना रात्री बारापर्यंत पैसे टाका म्हणून फोन करायची गरज पडत नाही, त्यामुळे त्यांची जाहिरात तुमच्या फोनवर येतही नाही.

खाजगी क्लासला जायचंच असेल तर जा, चांगले आहेत, पण डिग्रीचं नाव काढलं की विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचं उत्तर हातात येईपर्यंत एक रुपया देऊ नका. फी महिन्याची महिन्याला द्या, कोणाच्याही टॅबवर ओटीपी सांगू नका. एक अख्खा तालमीचा दिवस बसून बघा, गाण्याला साथ कोण करतंय ते बघा, आणि मागच्या बॅचची मुलं स्वतः शोधून त्यांच्याशी बोला, संस्थेने दिलेल्या नंबरांवर नको, ते त्यांचेच लोक असतात.

आमच्या केसची सद्यस्थिती अशी की फायनान्स कंपनीने पुढचे हप्ते तात्पुरते थांबवलेत, माफ केलेले नाहीत. ग्राहक आयोगाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बॅचमधली काही मुलं अजून घरी सांगायला घाबरतायत, विशेषतः मुली, कारण घरचे म्हणतील आता बस झालं नाटक. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर पावती, ॲग्रीमेंट आणि व्हॉट्सॲप चॅटचा बॅकअप आधी काढून ठेवा, विशेषतः ‘डिग्री मिळेल’ असं लिहिलेले मेसेज, ते लोक समोरून डिलीट करतायत, आणि मला कळवा, म्हणजे पोलिसांकडच्या तक्रारीत तुमचंही नाव जोडता येईल. घरच्यांशी बोलायला मी येते सोबत.