तीन फुटांचं जहाज आणि एकोणीस चौकोन

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका अंतराळजहाजाच्या मॉडेलपायी मी १६,८०० रुपयांना गंडलो. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'बरं, पण गेले किती?' ही चुळबुळ मनात ठेवून पुढचं वाचायला नको. चार महिने ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. परवा ओळखीच्या एका मुलाने, मला विकणाऱ्याने पाठवले होते तेच तीन फोटो पाठवले. वर्णनातली वाक्यंही तीच, फक्त नंबर वेगळा. खाली विचारलं होतं, 'काका, घेऊ का?' तेव्हा म्हटलं, लाज गेली खड्ड्यात, लिहून टाकू.

माझा भाचा अकरावीत आहे. त्याला आणि मला एकच खूळ आहे. कॉम्प्युटर ग्राफिक्स यायच्या आधी अंतराळातली दृश्यं कशी काढत असत ते शोधायचं, आणि मॉडेल किट (सुटे भाग जोडून करायची छोटी प्रतिकृती) घेऊन घरात तसंच काहीतरी करून बघायचं. बहीण याला पसारा म्हणते. आम्हाला काढायचा होता १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधला अगदी पहिला शॉट. एक लहान जहाज डोक्यावरून पळत जातं आणि त्याच्या मागून ते त्रिकोणी धूड पडद्यात शिरतं. शिरतं, शिरतं, आणि संपतच नाही. पहिल्यांदा व्हीसीआरवर पाहिला तेव्हा मी नकळत मान वर करून छताकडे बघितलं होतं.

गंमत अशी की त्या महाकाय जहाजाचं मॉडेल होतं जेमतेम तीन फुटांचं, ९१ सेंटिमीटर. आणि पुढे पळणाऱ्या बारक्या जहाजाचं मॉडेल जवळपास सहा फुटांचं. म्हणजे पडद्यावरचा उंदीर प्रत्यक्षात मांजराच्या दुप्पट. सगळी करामत कॅमेऱ्याची. भिंग मॉडेलला जवळजवळ घासेल इतकं खाली न्यायचं, मॉडेल जागचं हलवायचं नाही, हलवायचा तो कॅमेरा. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणारा जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या मंडळींनी यासाठी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या एका गोदामात कॅमेरा बसवलेलं यंत्रच तयार केलं. तीच चाल ते हवी तितक्या वेळा तंतोतंत करून दाखवायचं. आमचं यंत्र म्हणजे खिडकीच्या पडद्याचा अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल, त्यावर चाकांची पट्टी आणि पट्टीवर रबरबँडने बांधलेला फोन. तंतोतंत वगैरे काही नाही, पण चालतं.

जहाजावरची ती बारीक यंत्रासारखी नक्षी मूळ मॉडेलवाल्यांनी रणगाड्यांच्या, बोटींच्या, मोटारींच्या किटमधले सुटे भाग चिकटवून केली होती. आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीतून भंगार सर्किट बोर्डं आणतो. त्यावरचे कपॅसिटर उपटून, राखाडी प्रायमर मारून लावले की दोन फुटांवरून कुणाला कळत नाही. तारे म्हणजे काळ्या कार्डशीटला टाचणीने पाडलेली भोकं आणि मागे बल्ब. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली होती. त्यांच्या मानाने आमच्याकडे साधनांची चंगळच आहे, हे भाच्याला मी अधूनमधून सुनावत असतो.

सगळं होतं, नव्हतं ते मुख्य जहाज. बाजारात मिळणारी किट आम्हाला लहान वाटायची. बंदाई या जपानी कंपनीचं १/५००० मापाचं किट साधारण ३२ सेंटिमीटरचं होतं. ते आमच्याकडे नव्हतं आणि घ्यायचंही नव्हतं. डोक्यात ९१ चा आकडा बसला होता. मूळ मापाचं हवं म्हणजे हवं.

अशा वेळी विकणारा बरोबर भेटतो. या गृहस्थाकडून मी दोन महिने आधी रणगाड्याच्या सुट्या भागांचं पाकीट घेतलं होतं, ६५० रुपयांचं. चार दिवसांत घरी आलं, माल चोख, वर चार चाकं जास्तीची. आज कळतंय की ती चार चाकं म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं. तेव्हा मात्र मी भाच्याला म्हणालो होतो, 'बघ, अजून प्रामाणिक माणसं आहेत.'

मग त्याचा मेसेज आला. रेझिनचं किट (रेझिन म्हणजे साच्यात ओतलं की घट्ट होणारं रसायन), परदेशातल्या एका कारागिराने ओतलेलं, एकच नग. तीन फोटो. पहिल्यात जहाजाचं टोक थेट भिंगावर आलेलं, मागचा मनोरा दूर धुक्यात गेल्यासारखा. काय भव्य दिसत होतं म्हणून सांगू! खाली लिहिलं होतं, 'स्टुडिओ स्केल लूक'. स्टुडिओ स्केल म्हणजे चित्रीकरणातल्या मूळ मॉडेलच्या मापाचं. मी फोन करून विचारलं, लांबी किती? 'सर, पिक्चरमध्ये होतं तेवढंच. तीन फूट. तुमच्यासारख्या जाणकाराला आम्ही काय सांगायचं?' जाणकार म्हटल्यावर मी विरघळलो. किंमत १४,५००. नऊ हजार आधी, बाकीचे माल निघताना. 'दुसरे एक सर मागे लागलेत, पण तुमच्यासाठी उद्या संध्याकाळपर्यंत होल्ड करतो.' मी त्याच रात्री नऊ हजार पाठवले, दहा दिवसांनी उरलेले साडेपाच हजार. दोन्ही वेळा त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर. बिल मागितलं नाही. बिल मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. बायको शेजारीच बसली होती. 'अहो, लांबी लिहून तरी घ्या,' म्हणाली. मी हात झटकला.

आठवड्याने फोन. पार्सल मुंबईत कस्टममध्ये अडकलंय, २,३०० भरावे लागतील, 'तुम्ही मला पाठवा, मी माझ्या माणसाकरवी सोडवून घेतो.' इथे तरी डोकं चालायला हवं होतं. कस्टमची ड्युटी ज्याची त्याला पावतीनिशी भरायची असते, कुरिअरमार्फत किंवा पोस्टात. विकणाऱ्याच्या खासगी खात्यात कसली ड्युटी? पण १४,५०० अडकलेल्या माणसाला २,३०० किरकोळ वाटतात. पाठवले.

मग कुरिअरच्या पावतीचा फोटो आला. त्यावर बुकिंगचं ठिकाण आपल्याच राज्यातलं एक शहर होतं आणि वजन १ किलो ४०० ग्रॅम. दोन्ही गोष्टी मी वाचल्या. तीन फुटांचं रेझिनचं किट खोक्यासकट दीड किलोतही बसत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी मी फक्त पार्सल कधी येणार एवढंच बघत होतो.

खोकं आलं ते बुटांच्या खोक्याहून जरासं मोठं. भाचा म्हणाला, 'मामा, बाकीचं उद्या येणार का?'

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पिवळट तुकडे. हात लावला की बोटं तेलकट. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं वंगण धुतलंसुद्धा नव्हतं. कडेला पापुद्र्यासारखं जादा रेझिन, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि वरची मोठी त्रिकोणी पाटी पापडासारखी वाकलेली. उजेडात उलटी धरली आणि सगळा उलगडा झाला. आतल्या बाजूला बारीक गोल खुंट्या होत्या, अर्ध्या तुटलेल्या, आणि समोरच्या भागावर त्यांची भोकं, रेझिनने बुजलेली. अशा खुंट्या असतात त्या गोंदाशिवाय दाबून जोडायच्या प्लॅस्टिक किटला. रेझिनचं किट करणारा माणूस त्या कशाला करेल? म्हणजे कुणीतरी जपानी प्लॅस्टिक किट विकत घेतलं, त्यावर सिलिकोनचा साचा ओतला आणि त्यातून खुंट्या-भोकांसकट हे काढलं. या धंद्यात याला रीकास्ट म्हणतात. पट्टी लावली. साडेएकतीस सेंटिमीटर. मूळ ३२ च्या आसपास असतं. नकलेची नक्कल काढत गेलं की दर खेपेला माल थोडा आक्रसतो, आणि मग एकाही भागाची कड दुसऱ्याशी जुळत नाही. आमच्या मनोऱ्याखाली नखभर फट राहिली ती अशी. प्लॅस्टिकचं सिमेंट लावून बघितलं तर ते नुसतं वाळून गेलं. प्लॅस्टिक त्याने विरघळून एकजीव होतं, रेझिनला सुपरग्लूसारखा गोंद लागतो. घासताना मास्क लावा आणि ओलं घासा, ती भुकटी छातीत जाणं बरं नाही. हे असल्या मालालाच नव्हे, चांगल्या रेझिनलाही लागू आहे.

त्याला फोन केला. आवाज तोच, गोड. 'सर, आम्ही लूक लिहिलंय. स्टुडिओ स्केल लूक. दिसायला तसंच आहे ना?' तीन फूट तो तोंडी बोलला होता. लिहिलेलं कुठेच नव्हतं. मी आवाज चढवला तशी संध्याकाळपर्यंत नंबर ब्लॉक.

खरी चूक त्यानंतर केली. अकरा दिवस गप्प बसलो. शिकल्यासवरल्या माणसाने खेळण्यापायी पैसे घालवले हे सांगायचं कुणाला? मग सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन केला, सायबर तक्रारीच्या पोर्टलवर नोंद केली. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते गोठवता येतात, आणि तिथे तास मोजले जातात. माझे तर दिवस गेले होते. शिवाय माल हातात आलेला, म्हणजे पैसे घेऊन पळाला असंही सरळ म्हणता येईना. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नोंद केली आहे. अजून एक पैसा परत आलेला नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असता तर हातात काहीतरी वजनदार असतं. आता आमच्याकडे टाचण्यांचं पाकीटसुद्धा कॅमेऱ्यासमोर फोडतात.

फोटोंचं प्रकरण भाच्याने उलगडलं. एका रविवारी तो पहिला फोटो मोठा करून बसला होता. 'मामा, टोक शार्प आहे आणि मनोरा ब्लर.' मग? 'तूच सांगितलंस ना, लहान वस्तू लहान आहे हे ब्लरवरून पकडता येतं.' सांगितलं होतं खरं. '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटासाठी ५४ फुटांचं जहाज बांधूनही त्यांनी भिंगाचं छिद्र बारीक ठेवून एकेका फ्रेमला काही सेकंद उजेड दिला, तो पुढचं-मागचं सगळं रेखीव दिसावं म्हणूनच. फोनचा सेन्सर एवढासा असतो. तीन फुटांची वस्तू पुरती चौकटीत यायला फोन लांब न्यावा लागतो, आणि तेवढ्या अंतरावरून तो सगळंच स्वच्छ दाखवतो. साध्या फोटोत मागचं इतकं धूसर होतं ते फोन वस्तूच्या नाकाला लावला तरच. जो खेळ आम्ही गॅलरीत काळं कापड लावून शिकत होतो, तोच त्या माणसाने माझ्यावर करून दाखवला. आणि आमच्यापेक्षा बराच चांगला, हे मान्य करायला हवं.

तिसऱ्या फोटोत तर पट्टीच ठेवली होती म्हणा ना. जहाज मागून घेतलंय, इंजिनांच्या बाजूने, आणि खाली हिरव्या कटिंग मॅटची कड दिसते. आमच्याकडे तीच मॅट आहे, एक-एक सेंटिमीटरच्या चौकोनांची. भाच्याने जहाजाच्या मागच्या कडेखालचे चौकोन बोट ठेवून मोजले. तीन फुटांचं जहाज मागे दीड फुटाहून जास्त रुंद भरतं. त्याच्या मोजणीनंतर दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

आता काही घ्यायचं असेल तर वस्तूशेजारी पट्टी आणि त्या दिवसाचा पेपर ठेवून व्हिडिओ मागतो, आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून घेतो. दोघांनी नकार दिला, एकाने हसत हसत पाठवला. त्याच्याकडून घेतलं. साडेएकतीस सेंटिमीटरचं ते वाकडं जहाज गरम पाण्यात बुडवून सरळ केलं आहे. फटीत पुट्टी भरली आणि वर सर्किटचे तुकडे चिकटवले. शॉट अजून जमलेला नाही, चॅनल मध्येच अडतो.

परवा विचारणाऱ्या त्या मुलाला मी काही समजावत बसलो नाही. लिहिलं, तिसरा फोटो मोठा कर आणि मागच्या कडेखालचे हिरवे चौकोन मोज. दहा मिनिटांनी उत्तर आलं, 'काका, एकोणीस.'