क्लिप्श की मॅग्नेपॅन : अमेरिकेत घडणाऱ्या दोन स्पीकरांमधील निवड

अमेरिकी नावाचा स्पीकर घेणे आणि अमेरिकेत घडलेला स्पीकर घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लिप्शचेच पाहा. या कंपनीचे दुकानांत सर्रास दिसणारे स्वस्त स्पीकर परदेशात तयार होतात. आर्कान्सा राज्यातील होप या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये काम सुरू केले, आणि घरगुती स्पीकरांपैकी तिथे आजही बांधली जाते ती ‘हेरिटेज’ मालिका : हेरसी, फोर्टे, कॉर्नवॉल, ला स्काला आणि क्लिप्शहॉर्न. मॅग्नेपॅनच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. जिम वायनी यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी मिनेसोटातील व्हाइट बेअर लेक येथे आहे आणि तिचे पॅनेल तिथेच तयार होतात. तीन-चार हजार डॉलरच्या टप्प्यात खरेदीदारासमोर क्लिप्शचा हेरसी ४ आणि मॅग्नेपॅनचा १.७आय हे दोन पर्याय येतात. त्यांच्या किमती जवळपास असल्या तरी स्वभाव इतके विरुद्ध आहेत की चुकीची निवड रोज जाणवत राहते.

हेरसीमध्ये मंद्र स्वरांसाठी १२ इंची शंकू असतो, तर मध्यम आणि तार स्वर कर्ण्यातून बाहेर पडतात. कर्णा पडद्याची हालचाल हवेपर्यंत फार कार्यक्षमतेने पोहोचवतो, त्यामुळे थोड्या विजेत मोठा आवाज मिळतो. मॅग्नेपॅनला पेटीच नाही. साडेपाच फुटांहून थोडी कमी उंच आणि दोन इंच जाड अशा चौकटीत मायलर या प्लास्टिकचा पातळ पडदा ताणलेला असतो, त्यावर धातूची वाहक पट्टी चिकटवलेली असते आणि चुंबकांच्या क्षेत्रात तो संपूर्ण पडदाच हलतो. आवाज पुढे जितका जातो तितकाच मागेही जातो.

याचा परिणाम आपल्या संगीतावर काय होतो, ते बारकाईने सांगायला हवे, कारण अमेरिकी परीक्षणांत पाश्चात्त्य संगीताच्या पलीकडे फारसे येत नाही. ख्यालगायनाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्याचा झंकार गायकाच्या मागे पसरलेला असतो. मॅग्नेपॅनवर तो स्पीकरांच्या मागच्या मोकळ्या जागेतून येत असल्यासारखा भासतो आणि गायकाचा आवाज माणसाच्या उंचीवर, माणसाएवढा उभा राहतो. पेटीचा घुमारा नसल्यामुळे मींड कुठेही जाड होत नाही. याउलट तबल्याच्या चाटीवरचा ‘ता’ हेरसीवर असा कडक आणि तत्काळ वाजतो की हात दिसल्यासारखे वाटते, आणि बायाची घुमकही अंगावर येते. जुन्या, खरखर असलेल्या ध्वनिमुद्रणांना मात्र कर्णा क्षमा करत नाही. आपल्या संग्रहात अशी ध्वनिमुद्रणे पुष्कळ असतील, तर ती सोबत नेऊन दुकानात ऐकल्याशिवाय हेरसी घेऊ नये.

निर्णय पुष्कळदा खोलीच करते. मॅग्नेपॅन मागच्या भिंतीपासून किमान तीन फूट पुढे हवा, अन्यथा मागून परतणारा ध्वनी पुढच्या ध्वनीत मिसळून सारे गढूळ होते. शिवाय त्याचा खरा आनंद दोन स्पीकरांच्या मध्यावर बसलेल्या एखाद-दुसऱ्या श्रोत्यालाच मिळतो. हेरसी भिंतीजवळ, जमिनीवर, अंगच्या छोट्या तिरप्या बैठकीवर ठेवता येतो आणि कुटुंब खोलीभर बसले तरी कोणाचेच फारसे नुकसान होत नाही. रात्री मुले झोपल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्यांनीही हेरसीकडेच पाहावे. मॅग्नेपॅन अगदी कमी आवाजात निर्जीव वाटतो.

अॅम्प्लिफायरचा खर्च याच हिशेबात धरावा. कंपन्यांच्या म्हणण्यानुसार हेरसीची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत मिळणारा आवाज, ९९ डेसिबल, तर १.७आयची ८६ आहे. १३ डेसिबलचा फरक म्हणजे सुमारे वीसपट शक्ती. क्लिप्शचा आकडा उदार असतो आणि स्वतंत्र मोजमापांत तो काही डेसिबलने खाली येतो, हे खरे. पण मॅग्नेपॅनचा इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) फक्त ४ ओहम असल्याने तो विद्युतप्रवाहही जास्त मागतो, त्यामुळे अंतर मोठेच राहते. म्हणून हेरसीला इलिनॉयमधील डेकवेअरचा मोजक्या वॅटचा, हाताने जोडलेला व्हॅल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अॅम्प्लिफायरही पुरतो. १.७आयसाठी शीट ऑडिओचा, अमेरिकेतच जुळवला जाणारा व्हिडार हा अॅम्प्लिफायर बरा, कारण तो ४ ओहमला प्रत्येक बाजूस २०० वॅट देतो. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनच्या मॅकिंटॉशचा एमसी२७५ हा १९६१ पासूनचा ७५ वॅटचा नामांकित अॅम्प्लिफायर हेरसीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतो, मोठ्या खोलीत मॅग्नेपॅनला कमी पडतो आणि किमतीत दोन्ही स्पीकरांच्या पुढे जातो.

वापरलेला माल घ्यायचा असेल, तर जुन्या क्लिप्शमध्ये क्रॉसओव्हरचे, म्हणजे मंद्र-तार स्वर वेगळे करणाऱ्या मंडलाचे, कपॅसिटर तपासावेत. ते बदलणे सोपे असते. जुन्या मॅग्नेपॅनमध्ये पडद्यावरील वाहकाचा गोंद सुटतो. ते काम किचकट असते आणि बरेचदा पॅनेल कारखान्यात पाठवावे लागते.

मी स्वतः, स्वतंत्र खोली उपलब्ध असेल आणि ऐकणे मुख्यतः गायनाचे असेल, तर मॅग्नेपॅनच सुचवीन. बैठकीच्या खोलीत सर्वांनी मिळून ऐकायचे असेल तर हेरसी.

पुढेमागे भारतात परतण्याचा विचार असलेल्यांनी एक गोष्ट आजच ठरवावी. या दोन्ही स्पीकरांना विजेची जोडणी लागत नाही, त्यामुळे ते पुण्यातही तसेच वाजतील. अॅम्प्लिफायर मात्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला असतो, तर भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहेत. तो बदल कारखान्यात करून मिळतो का आणि हमी भारतात लागू राहते का, हे पैसे देण्यापूर्वी उत्पादकाकडून लेखी घ्यावे. उत्तर नकारार्थी असेल, तर अमेरिकेतून फक्त स्पीकर घेऊन जावेत आणि अॅम्प्लिफायर भारतातील अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.