डीजे सेट आणि म्युझिक प्रॉडक्शन एकाच लॅपटॉपवर: आठ महिन्यांनंतर

14 कोरचा प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 1 टीबी एसएसडी. कागदावर नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून डोळे झाकून घेतला. तिसऱ्याच आठवड्यात, ऐन रंगात आलेल्या सेटमध्ये स्पीकरमधून ‘कट्’ असा आवाज आला. मग पुन्हा एकदा. प्रोसेसरचा वापर बघतो तर जेमतेम 20 टक्के! म्हणजे मशीन निवांत बसलेलं आणि घाम मला.

पुढचे काही दिवस याच कोड्यात गेले. लॅपटॉप आवाज छोट्या तुकड्यांत पाठवतो; एका तुकड्याचा आकार म्हणजे बफर. 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला 44,100 सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) बफर 128 सॅम्पलचा ठेवला, की लॅपटॉपला साधारण दर 2.9 मिलिसेकंदांनी आवाजाचा पुढचा तुकडा तयार करून द्यावा लागतो. सरासरी वेग कितीही असो, एक तुकडा उशिरा पोचला की आवाज तुटलाच. लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, तेव्हा वाय-फायचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसतो हे दिसलं. आता सेटला वाय-फाय बंद, विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबीची वीजबचत बंद आणि बफर 256. मिक्स करताना 5.8 मिलिसेकंदांच्या उशिराने माझ्या हाताला काहीच फरक जाणवत नाही. तेव्हापासून आवाज एकदाही तुटलेला नाही. मॅकवाल्या मित्रांना ड्रायव्हरची ही उस्तवार फारशी करावी लागत नाही, हे कबूल करतो. त्यांचं कोअर ऑडिओ, म्हणजे आवाज हाताळणारी यंत्रणा, सिस्टीममध्येच असतं. आम्ही मात्र ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साउंड कार्ड) बनवणाऱ्या कंपनीच्या एएसआयओ ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज कमी उशिराने पोचवणाऱ्या ड्रायव्हरच्या, भरवशावर.

प्रॉडक्शनचं दुखणं वेगळं. कोर जास्त तर ट्रॅक जास्त, हे खरं. पण एका ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले प्लगइन (इफेक्ट किंवा वाद्यांची जोड-सॉफ्टवेअर) एकमेकांची वाट पाहतात, त्यामुळे ती साखळी बहुतेक वेळा एकाच कोरच्या डोक्यावर येते. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवर, जड इक्यू, कॉम्प्रेसर आणि लिमिटर चढवले, की बाकीचे कोर गंमत बघत बसतात. म्हणून आता घ्यायचा असता तर कोर मोजण्याआधी एका कोरचा वेग बघितला असता. तोवर जड ट्रॅक फ्रीझ करतो (प्लगइनसकट तात्पुरता ऑडिओ करून ठेवतो), गाताना बफर 128 ठेवतो आणि मिक्सिंगला सरळ 1024 वर नेतो.

खरा पस्तावा रॅमचा. नुसत्या डीजेसाठी 16 जीबी भरपूर आहे. पण सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांवर, चालणारा पियानो, वर स्ट्रिंग्ज आणि ड्रम किट उघडलं की रॅम भरते आणि सगळंच रेंगाळतं. ती वाढवावी म्हटलं तर मदरबोर्डलाच सोल्डर केलेली! घेताना ही एक ओळ वाचायची राहिली. 32 जीबीचं मॉडेल तेव्हा चैन वाटलं होतं. एसएसडीबद्दल तक्रार नाही.

अंग पातळ, त्यामुळे लवकर तापतो. गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं स्टेम्स वापरलं की तासाभरात पंखा ओरडू लागतो आणि प्रोसेसर आपला वेग कमी करतो. ट्रॅक आधीच घरी स्टेम्समध्ये तोडून ठेवले की त्रास बराच कमी होतो. गायन रेकॉर्ड करताना हाच पंखा माइकमध्ये येतो; लांब केबल घेऊन लॅपटॉप दाराबाहेर ठेवणे, एवढाच उपाय मला सापडला.

चार्जर लावला की स्पीकरमध्ये बारीक घूं येत होती. तो ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा आवाज. लॅपटॉप, कंट्रोलर आणि स्पीकर एकाच बोर्डवरून घेतले, बॅलन्स्ड टीआरएस (बाहेरचा गोंगाट रोखणाऱ्या) केबल टाकल्या, घूं गेली. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, शॉक बसेल. चार्जर काढून वाजवणं हाही मार्ग नाही, कारण बॅटरीवर हा गडी वेग निम्म्यावर आणतो.

पोर्ट कमी आहेत. कंट्रोलर थेट लॅपटॉपला, हबवर फक्त पेन ड्राइव्ह, हा नियम एकदा कंट्रोलर मध्येच गायब झाल्यावर केला.

गेल्या महिन्यात विंडोज अपडेटने पॉवर प्लॅन गुपचूप पूर्ववत केला. साउंडचेकला कळलं, नशीब. आता झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे: वाय-फाय, पॉवर प्लॅन, चार्जर, बफर.