सुती कपडे घरी रंगवण्याची पुडी: रंग पक्का, माहिती अपुरी

विटलेले सुती कुर्ते पुन्हा रंगवण्यासाठी बाजारातून निळ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची पुडी आणली. हा रंग धाग्यावर नुसता बसत नाही. धुण्याच्या सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी झाले की तो सुतातील सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून स्वस्त डायरेक्ट रंगांसारखा (हे असा बंध न जोडता धाग्यावर नुसते बसतात) प्रत्येक धुण्यात उतरत नाही. कुर्त्यांना गडद, एकसारखी छटा आली. शिवणीचा दोरा मात्र पांढराच राहिला, कारण तो पॉलिएस्टरचा होता आणि पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग (कृत्रिम धाग्यांसाठीचे वेगळे रंग) व बंद यंत्रातले सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमान लागते, जे घरच्या पातेल्यात शक्य नाही.

तक्रार रंगाबद्दल नाही, पुडीबद्दल आहे. ही बारीक पूड वारंवार श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, हे रंग हाताळणाऱ्या कामगारांमध्ये दिसून आले आहे. तरीही पुडीवर मास्क किंवा हातमोज्यांचा उल्लेख नाही. रंगद्रव्याचे नावही नाही! बेंझिडिनसारखी कर्करोगकारक अमाइने (नायट्रोजनयुक्त रसायने) सोडू शकणाऱ्या ११२ अ‍ॅझो रंगांवर (कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) भारताने १९९७ पर्यंत बंदी घातली असताना, आपण नेमके काय विकत घेतो आहोत एवढे तरी ग्राहकाला कळायलाच हवे. शिवाय रंगाचा बराच भाग पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो आणि रंगवताना घातलेल्या मीठ-सोड्यासह मोरीतून वाहून जातो; सांडपाण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत तो सहजासहजी विघटित होत नाही. कुर्ते पुन्हा पुन्हा खळबळूनही बादलीतले पाणी निळेच येत होते. एखाद्या आवडत्या कपड्यासाठी पुडी जरूर घ्यावी, मात्र रंगद्रव्याचे नाव छापलेली मिळाली तरच.