डांबरी रस्त्यावरची रेघ : एचओ लेआउटसाठी पोस्का पेनांचे परीक्षण

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या प्रमाणात उभारलेल्या रुळांच्या देखाव्यावर, रुळांखालची खडी, सिग्नल आणि डब्यांवरची अक्षरे यांसाठी महिनोन्‌महिने घालवणारी हौशी मंडळी रस्ता मात्र बहुतेक वेळा एका संध्याकाळी उरकून टाकतात, आणि मग फाटकाजवळून काढलेल्या छायाचित्रात सर्वांत आधी डोळ्यांत खुपतो तो रस्ताच. डांबराचा रंग एकवेळ जमतो. गाडी अडते ती त्यावरच्या पट्ट्यांशी. या पट्ट्या आखण्यासाठी बाजारात खास साहित्य मिळते, पण चित्रकलेच्या दुकानांत सहज उपलब्ध असणारे मित्सुबिशी पेन्सिल कंपनीचे ‘युनि पोस्का’ हे रंगाचे पेन या कामाला कितपत उपयोगी पडते, याचे हे परीक्षण आहे. डोळ्यांसमोर आहे तो १९९०च्या दशकातील पेनसिल्व्हेनियाचा एचओ (१:८७ प्रमाणातला) लेआउट: कॉनरेल या रेल्वे कंपनीची निळी इंजिने, लोहमार्गाला छेदून जाणारा दोन पदरी राज्यमार्ग आणि त्याला येऊन मिळणारे गावातले दोन-तीन रस्ते.

पेनाची निवड रुंदीवरून करावी लागते, म्हणून आधी मापे पाहणे इष्ट. अमेरिकेतील रस्त्यांवरच्या चिन्हांचे नियम ठरवणाऱ्या ‘एमयूटीसीडी’ या संहितेनुसार नेहमीची रेषा ४ ते ६ इंच रुंद असते. १:८७ या प्रमाणात ४ इंचांचे साधारण १.१७ मिलिमीटर होतात आणि ६ इंचांचे पावणेदोन. पोस्काच्या ‘पीसी-३एम’ या पेनाची रेघ ०.९ ते १.३ मिलिमीटर असते, म्हणजे हात स्थिर असेल तर एकाच ओढीत नेमकी हवी तेवढी रेषा उमटते. १:१६० च्या एन स्केलमध्ये तीच ४ इंचांची रेषा ०.६४ मिलिमीटरवर येते आणि तिथे ०.७ मिलिमीटरचे ‘पीसी-१एमआर’ जवळपास तंतोतंत बसते. हा योगायोग असला तरी सोयीचा आहे, कारण लेआउटवरच्या पट्ट्यांचा सर्वांत सार्वत्रिक दोष जाडीचाच असतो. साध्या जाड मार्करने काढलेली दोन-अडीच मिलिमीटरची रेषा प्रत्यक्षात सात ते साडेआठ इंचांची ठरते, आणि तिच्या शेजारून जाणारी मोटार खेळण्यातली दिसू लागते.

रुंदीनंतरचा दोष लांबीचा. तुटक रेषेचा तुकडा १० फूट आणि त्यापुढची मोकळी जागा ३० फूट, असे हे गणित आहे. एचओमध्ये ते ३५ आणि १०५ मिलिमीटर होते. एका मीटरच्या रस्त्यावर मिळून सातच तुकडे बसतात, हे पाहून अनेकांना रस्ता रिकामा वाटतो आणि ते मधली जागा आखडती घेतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की लेआउटवर इमारती लहान कराव्यात, वळणे आवळावीत, पण ही मोकळी जागा कमी करू नये. वाहन चालवताना रोज पाहिलेला हा ताल डोळ्यांत इतका मुरलेला असतो, की तो चुकल्यास बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण रस्ता खोटा वाटतो.

आता पेनाच्या वागणुकीविषयी. यातला रंग पाण्यात मिसळणारा, दाट आणि पूर्ण झाकणारा असतो. गडद करड्या डांबरावर पांढरी रेघ एका हातात ठळक बसते, जे साध्या जेल पेनाला जमत नाही. पेन हलवून, टोक कागदावर दाबून रंग खाली आणावा लागतो. अशा दाबाच्या पेनांत रंग अचानक जास्त उतरून थेंब पडण्याचा धोका असतोच, म्हणून प्रत्येक रेघेआधी स्टायरीनच्या (मॉडेलसाठी वापरतात त्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या) टाकाऊ तुकड्यावर एक रेघ ओढून पाहणे आणि टोक रस्त्यावर असताना ते कधीही न दाबणे, या दोन सवयी अंगवळणी पाडाव्यात.

खरा प्रश्न पृष्ठभागाचा आहे. स्टायरीनच्या किंवा नीट सील केलेल्या रस्त्यावर रेषेची कड स्वच्छ येते. उघडे प्लास्टर मात्र रंग शोषून घेते आणि कड फुटते, त्यामुळे त्यावर आधी रस्त्याच्या रंगाचे दोन हात आणि मॅट व्हार्निशचा एक फवारा अनिवार्य समजावा. बारीक पॉलिश पेपर चिकटवून केलेला रस्ता डांबरासारखा फार सुंदर दिसतो, पण तो पेनाचे टोक कानशीसारखे झिजवतो. टोक झिजले की रेघ रुंदावते आणि ज्या गुणासाठी पेन घेतले तोच नाहीसा होतो. अशा रस्त्यासाठी हे पेन घेऊ नये.

रेघ ओढताना धातूची पट्टी रस्त्यावर सपाट ठेवली, तर रंग तिच्याखाली शिरतो आणि पट्टी उचलल्यावर रेषेच्या एका बाजूला धूसर डाग उरतो. पट्टीच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडे आत, जाड कार्डाची अरुंद फीत चिकटवली की कड अर्धा मिलिमीटर अधांतरी राहते आणि हा प्रश्न सुटतो. याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट म्हणजे रेषेची टोके. गोल टोकाच्या पेनाने काढलेल्या तुकड्याची दोन्ही टोके गोलाकार येतात, तर खऱ्या रस्त्यावर यंत्राने मारलेल्या पट्टीची टोके चौकोनी असतात. ३५ मिलिमीटरच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना आडवी मास्किंग टेप लावून पेन त्या टेपवरूनच सुरू करावे आणि टेपवरच थांबवावे. टेप काढल्यावर जी काटकोनी कड दिसते, तिने रस्त्याचे रूप एकदम पालटते.

दुहेरी पिवळ्या रेषेसाठी मात्र नुसते पेन अपुरे आहे. दोन रेषा आणि त्यांच्यामधली फट समांतर राहणे हेच तिथे महत्त्वाचे, आणि मोकळ्या हाताने फट कुठे तरी आकसतेच. टामिया कंपनीची १ मिलिमीटरची मास्किंग टेप मध्यरेषेवर लावून, तिच्या दोन्ही बाजूंना सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी जागा सोडून बाहेरच्या टेप लावाव्यात आणि मधल्या दोन खाचा पेनाने किंवा स्पंजने भराव्यात. वळणावर कागदी टेप सुरकुतते; तिथे त्याच कंपनीची वळणांसाठीची लवचीक टेप वापरावी, जिची २ मिलिमीटरची रुंदी बहुतेक वळणांना पुरते. ज्यांच्याकडे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन, आहे त्यांनी लांब, अखंड रेषांसाठी याच टेपा लावून टामियाचा एक्सएफ-२ पांढरा किंवा एक्सएफ-३ पिवळा पातळ फवारावा. निकाल पेनापेक्षा सरस येतो, कारण रंगाचा थर पातळ राहतो आणि डांबराचा खरखरीतपणा त्यातून दिसत राहतो. पेनाचा थर त्या मानाने जाड आणि गुळगुळीत असतो.

पिवळ्या रंगाबद्दल थोडी कुरकूर आहे. अमेरिकी महामार्गांवरचा पिवळा नारिंगीकडे झुकतो, तर पेनातला पिवळा लिंबाकडे. रेषा वाळून सील झाल्यावर तिच्यावर तपकिरी ऑइल रंगाचा अगदी विरळ हात फिरवला की हा फरक बऱ्यापैकी भरून निघतो. आणि इथेच कालखंडाचे भानही हवे: विरुद्ध दिशांच्या वाहतुकीला विभागणारी रेषा पिवळीच असावी, हे एमयूटीसीडीच्या १९७१ च्या आवृत्तीने पक्के केले. वाफेच्या इंजिनांचा, १९५०च्या आसपासचा लेआउट असेल, तर त्या राज्याची त्या काळची छायाचित्रे पाहिल्याखेरीज पिवळ्या पेनाचे टोपण उघडू नये.

लोहमार्गाजवळ पेनाची मर्यादा उघडी पडते. फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर मोठी फुली, तिच्या दोन्ही बाजूंना ‘आर’ हे अक्षर, पुढे-मागे आडव्या पट्ट्या आणि ओव्हरटेक करण्यास मनाई करणारी मध्यरेषा, असा सगळा संच असतो. फुली एकटीच २० फुटांची, म्हणजे एचओमध्ये ७० मिलिमीटर लांब असते, कारण चालकाला ती तिरप्या नजरेने दिसणार असते. ही लांबट अक्षरे हाताने काढण्याच्या फंदात पडू नये. घासून उतरवायची ड्राय ट्रान्सफर अक्षरे किंवा पातळ कागद कापून केलेले स्टेन्सिल हाच मार्ग. थांबरेषा मात्र पेनाने उत्तम होते. २४ इंचांची रेषा धरली तर ७ मिलिमीटर रुंदीची चौकट टेपने आखून ती भरून घ्यावी, आणि ती सर्वांत जवळच्या रुळापासून १५ फूट, म्हणजे ५२ मिलिमीटरहून जवळ आणू नये. लेआउटवर ही रेषा हटकून रुळांना चिकटलेली दिसते आणि तिच्यावर थांबलेला ट्रक पुढच्या मालगाडीने उडवला असता, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पेनातून उतरलेली ताजी रेषा करड्या रस्त्यावर अंगणातल्या रांगोळीइतकी लख्ख दिसते, त्यामुळे पुढचे काम तिला म्हातारी करण्याचे. यात या पेनाचा रंग अनपेक्षितपणे मदत करतो. सील केलेल्या पृष्ठभागावर तो पूर्ण बसण्याआधी ओलसर कापसाच्या काडीने हलकेच पुसता येतो, आणि पुसलेला भाग झिजलेल्या पट्टीसारखाच तुटक, डागाळलेला उरतो. मात्र सरसकट पुसू नये. खऱ्या रस्त्यावर पट्टी चाकांच्या वाटेवर झिजते: थांबरेषेवर प्रत्येक पदरात दोन फिके पट्टे पडतात, मधला आणि कडेचा भाग त्यामानाने शाबूत राहतो. मध्यरेषा सरळ रस्त्यावर टिकते आणि वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे गाड्या रेषा कापतात, तिथे विरते. पाइपलाइनसाठी रस्ता खणून बुजवलेल्या ठिगळावर तर रेषा मुळीच नसते. ती ठिगळाच्या कडेशी सुरीने कापल्यासारखी थांबते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. गडद करड्या रंगाचा असा एकच चौकोन रेषेवरून रंगवला, तर बाकीच्या सगळ्या मेहनतीपेक्षा तो जास्त बोलतो. भेगा बुजवलेल्या डांबराच्या काळ्या, वेड्यावाकड्या रेघाही पट्टीच्या वरून जातात, खालून नव्हे.

झीज मनासारखी झाली की मॅट व्हार्निश फवाऱ्यानेच मारावे. पाण्यात मिसळणारे व्हार्निश ब्रशने लावल्यास गुळगुळीत पृष्ठभागावरचा हा रंग विरघळून पसरू शकतो आणि पांढऱ्या रेषेभोवती दुधट छटा उरते. फवाऱ्यानंतर धुळीची पावडर किंवा पातळ रंग निर्धास्तपणे वापरावा.

महाराष्ट्रातील हौशी मंडळींना ही पेने ऑनलाइन आणि चित्रकलेच्या मोठ्या दुकानांत मिळतात, हा आयात केलेल्या ड्राय ट्रान्सफरच्या तुलनेत मोठाच फायदा आहे. भारतीय लेआउटसाठी वरची अमेरिकी मापे अर्थातच लागू नाहीत. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी:३५’ ही संहिता हाताशी ठेवावी. आपल्याकडच्या रस्त्यांवर या पेनाला आणखी एक काम आहे, ते म्हणजे दुभाजकांच्या आणि पुलांच्या कठड्यांवरचे काळे-पांढरे चौकोन. उभ्या, अरुंद कडेवर ब्रश फिरवण्यापेक्षा पीसी-३एम तिथे कितीतरी सोयीचे पडते, आणि चौकोन थोडे वाकडे आले तरी ते वास्तवाला धरूनच असतात.

एन स्केलमध्ये काम करणाऱ्यांना मी पीसी-१एमआर निःशंकपणे सुचवेन, कारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या खाचा टेपने आखणे हे संयमाची परीक्षा पाहणारे काम आहे. एचओमध्ये पीसी-३एम तुटक रेषा, थांबरेषा, पार्किंगच्या चौकटी आणि दुरुस्तीसाठी घ्यावे. दोन मीटरचा अखंड महामार्ग असेल तर टेप आणि एअरब्रशच बरे. पांढरे आणि पिवळे असे प्रत्येकी एक पेन मध्यम आकाराच्या लेआउटला आरामात पुरते, बाकी रंगांच्या संचाची गरज नाही.